राखेला विरजण

साळवे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या अंगणात शीतपेयाच्या रिकाम्या कॅनवर उड्या मारत होत्या. अंगात पांढरा कोट, खाली खोचलेली निळी सुती साडी, पायात पुरुषी बूट. एक कॅन चपटा झाला की दुसरा पायाखाली घ्यायच्या. मी एम.एस्सी.च्या प्रवेशाचे कागद छातीशी धरून कार्यालय शोधत होते. मला वाटलं, या बाई कुणावर तरी भयंकर चिडल्या आहेत.

"काय बघतेस? कागद ठेव तिकडे पायरीवर आणि ये. माझं वजन पुरत नाही याला."

मी कागद पायरीवर ठेवले आणि उड्या मारायला लागले. काय बोलावं हे मला सुचत नसे, त्यामुळे बोलावं न लागणारं काम मिळाल्याचं बरंच वाटलं. गोणी भरल्यावर मॅडमनी चष्मा पुसला आणि विचारलं, "नाव काय? कुठून आलीस?"

"वैशाली. लोणी काळभोरहून."

"लोणी काळभोर!" त्या एकदम ओरडल्याच. "म्हणजे साखर कारखान्याच्या बाजूची! अगं, मग तुमच्याकडे राख असेल!"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गावाचं नाव सांगितल्यावर पुण्यातल्या माणसाला इतका आनंद झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि तोही आमच्याकडे राख असेल म्हणून.

मॅडमना राख हवी होती, कारण त्यांना झिओलाइट बनवायचं होतं. झिओलाइट म्हणजे काय, हे त्या कुणालाही सांगत. शिपायाला, रिक्षावाल्याला, मंडईत कोथिंबीर निवडता निवडता भाजीवालीलासुद्धा. त्यांच्या टेबलावर वाघोलीच्या खाणीतला एक काळा दगड होता. मधून फुटलेला. आतल्या पोकळीत फिकट गुलाबी स्फटिक, पंख्यासारखे उघडलेले. "हे बघ, पुण्याच्या पोटात हे आहे," त्या म्हणायच्या. "आपण त्याची खडी करतो आणि आयटी पार्कच्या स्लॅबमध्ये ओततो." मग दगड उजेडात फिरवायच्या. "याच्या आत सगळ्या खोल्याच खोल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यात सोडियम कॉट बेसिसवर राहतो. जड पाण्यातला कॅल्शियम आला, की सोडियमनं गुपचूप वळकटी उचलायची आणि बाहेर पडायचं. पाणी मऊ! आहे की नाही मजा?"

दगडातलं हे झिओलाइट निसर्गानं घडवलं. मॅडमना ते टाकलेल्या वस्तूंपासून घडवायचं होतं. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका असते, कॅनमध्ये ॲल्युमिनियम. दोन्ही कॉस्टिक सोड्यात विरघळवायचं, एकत्र करायचं आणि गरम ठेवायचं. सांगायला एवढंच. "निसर्गाला लाखो वर्षं लागली," मॅडम म्हणत, "माझ्याकडे एक आहे."

ते खरंच होतं. एका वर्षाने त्या निवृत्त होणार होत्या. त्यात त्यांची खोलीही जायच्या बेतात होती. विभागाच्या मागे जुन्या गॅस प्लँटची एक खोली होती, तिथे त्यांचा ओव्हन, बरण्या आणि गोण्या. त्याच सुमारास पुण्यात जो तो संगणकाचा कोर्स करत होता. आमच्या कॉलेजातही नवा कोर्स निघाला, रांगा लागल्या आणि संगणक ठेवायला जागा कमी पडू लागली. प्राचार्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं, वर्षअखेरीआधी समिती पाहणीला येईल. तिच्यासमोर पक्का निष्कर्ष ठेवा, नाहीतर खोली संगणकांना. मॅडमना सगळ्यात जास्त काय हवं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. राखेपासून झिओलाइट होतं, हे निवृत्तीआधी एकदा सिद्ध करायचं, आणि ते करायला ती खोली.

वस्तू गोळा करण्याची त्यांची एक पद्धत होती. कुणी काही टाकायला निघालं, की त्या आडव्या यायच्या. "टाकू नका, मला द्या." विभागप्रमुख कुलकर्णी सर रक्तदाबाच्या गोळ्या घेत. त्यांच्या गोळीचा रिकामा ॲल्युमिनियमचा कागद टेबलावर पडायच्या आत मॅडमच्या कोटाच्या खिशात जाई. सर सदाशिव पेठेतले. बोलणं कमी, आणि जेवढं असे तेवढं कोरडं.

"साळवे बाई, राख गंगेत सोडतात. ओव्हनमध्ये नाही."

"सर, गंगेत सोडून काय मिळालं, ते अजून कुणी प्रसिद्ध केलेलं नाही."

सर मान खाली घालून पुन्हा पेपर तपासायला लागत. पण हसताना त्यांचे खांदे हलायचे, ते मी पाहिलं आहे.

गोळ्यांच्या कागदांनी भागेना, तेव्हा मॅडम कॉलेजजवळ नव्याने निघालेल्या एका बिअर बारमध्ये शिरल्या. मी सोबत होते. काळ्या काचांचं दार ढकलताना मी मागे रस्त्याकडे वळून पाहिलं. आमच्या गावातल्या कुणी पाहिलं असतं, तर माझं शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं. मॅनेजर धावत आला.

"मॅडम, फॅमिली सेक्शन वर आहे."

"मला प्यायचं नाही. तुमच्या गिऱ्हाइकांनी पिऊन टाकलेलं हवं आहे."

मॅनेजरने मॅडमच्या कपाळाकडे, कोटाकडे, माझ्या वेणीकडे पाहिलं. आम्ही दारूबंदीवाल्या आहोत अशी त्याची खात्री झाली असावी. "मॅडम, आमचं लायसन आहे. दाखवू का?"

"लायसन तुमच्याजवळ ठेवा हो. कॅन द्या."

मग काउंटरपाशी उभं राहून त्यांनी त्याला सोडियमची आणि कॉट बेसिसची सगळी गोष्ट सांगितली. तो बिचारा हात बांधून ऐकत होता. कोपऱ्यातल्या टेबलावर आमच्याच कॉलेजची दोन मुलं टेबलाखाली जाता येईल का ते बघत होती. मॅडमनी निघताना त्यांच्याकडे वळून सांगितलं, "झाल्यावर आतून विसळून ठेवा रे. चिकट असतं ते." पुढच्या आठवड्यापासून बारचा वेटर विभागात गोणी आणून देऊ लागला. त्या दोन मुलांनी मात्र त्यानंतर मॅडमचा एकही तास चुकवला नाही.

राखेसाठी त्या आमच्या घरी आल्या. माझे वडील हंगामात कारखान्याच्या बॉयलरवर काम करतात, त्यामुळे राख मिळणं अवघड नव्हतं. अवघड होती माझी आई. मॅडम पीएमटीच्या बसने आल्या, ओसरीवर मांडी घालून बसल्या, चहा घेतला. आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिच्याने राहवलं नाही.

"बाई, एवढं शिकलात आन् राख न्यायला आलात व्हय?"

मी जमिनीत गडप व्हायला तयार होते. मॅडम पुढे सरकल्या. "आई, उसाच्या पात्यानं कधी बोट कापलंय तुमचं?"

"कापतंय की. रोजचंच हाय ते."

"त्या पात्यात वाळू असते. ऊस जमिनीतून ओढून घेतो. ऊस जळतो, वाळू जळत नाही. ती राखेत राहते. तुमची वैशाली ती बाहेर काढणार आहे."

आईने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग उठून आत गेली आणि पीठ चाळायची चाळण घेऊन आली. "मंग चाळून न्या. खडं कशाला वाहता?" परत जाताना बसमध्ये मॅडम गोणीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "काय पटकन समजलं गं तुझ्या आईला! एम.एस्सी.च्या वर्गाला दोन तास लागतात."

माझ्या बोलीचं मला फार दडपण असे. एकदा सगळ्यांसमोर माझ्या तोंडून "मॅडम, गरम व्हतंय" असं निघून गेलं आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. मॅडमनी ओव्हनच्या काट्याकडे पाहिलं. "ओव्हनला कळलं ना? मग झालं." आणि पुढे शिकवू लागल्या. हे त्यांनी माझ्यासाठी केलं असं मला वाटत नाही. खरोखरच त्यांचं सगळं लक्ष काट्याकडे होतं.

मॅडम विश्रांतवाडीला राहत. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर लगेच धम्म स्वीकारला होता. आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली आणि मुलींना शिकवलं. "आमच्या घरात देव नव्हते," मॅडम सांगत, "त्यामुळे चमत्कारही नव्हते. अण्णा म्हणायचे, आधी पाहा, मग मोजा, मग बोला." प्रयोगशाळेत कुणी "मॅडम, झालंय वाटतं" असं म्हणालं, की त्या बोट वर करायच्या. "वाटतं? कुणाला वाटतं? मोजलंस का?"

मोजण्याची भानगड अशी होती. राखेचं पाणी आणि कॅनचं पाणी एकत्र केलं, की खरवसासारखं पांढरं थलथलीत काहीतरी तयार होतं. ते बरणीत घालून दिवसभर ओव्हनमध्ये ठेवायचं. तळाशी पांढरी पूड बसते. ती झिओलाइट आहे की नुसतीच पांढरी पूड, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी ती क्ष-किरणांच्या यंत्रात घालावी लागते. एका मोठ्या संशोधन संस्थेत मॅडमचा जुना विद्यार्थी होता, तो आमच्या पुड्या तपासून आलेख पाठवायचा. स्फटिक झाले असतील तर आलेखावर टोकदार सुळके येतात. झाले नसतील तर नुसता एक पसरट उंचवटा.

आमचा यायचा उंचवटा. दर वेळी. मॅडम कागद खिडकीला धरून म्हणायच्या, "हनुमान टेकडी. फिरायला छान आहे. मला रायगडाशेजारचा तो उभा लिंगाणा पाहिजे, लिंगाणा!"

काचेची भांडी चालत नव्हती, कारण कॉस्टिक काच खातं. महागडी भांडी कॉलेजकडे नव्हती. म्हणून मॅडम घरच्या जाड प्लास्टिकच्या बरण्या आणत. लोणच्याची, पोह्यांची, साखरेची. एका दिवशी आम्ही सगळ्या बरण्या एकदम लावल्या, पुड्या पाठवल्या, आणि दिवाळीच्या सुटीनंतर आलेख आले. टेकडी, टेकडी, टेकडी. आणि मग निळ्या झाकणाच्या बरणीचा.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खोलीतून ज्या पळाल्या त्या थेट कुलकर्णी सरांच्या टेबलापर्यंत. चप्पल दारातच राहिली. मी ती हातात घेऊन मागे धावले.

"सर, सुळके!"

सरांनी आलेख पाहिला, पुस्तकातला आलेख काढून शेजारी ठेवला, पट्टीने एकेक सुळका जुळवला. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "बाई, अभिनंदन. आता गंगेचा धंदा बसणार." आणि स्वतः उठून चहा सांगायला गेले. विभागात ही गोष्ट अभूतपूर्व होती. संध्याकाळपर्यंत प्राचार्यांना कळलं, समितीला तसं कळवण्यात आलं. खोली वाचली, असं जो तो बोलू लागला.

मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून तोच प्रयोग परत लावला. मोजून. तीच राख, तेच कॅन, तेवढीच उष्णता. नव्या बरण्यांमध्ये परत टेकडी. निळ्या झाकणाच्या बरणीत परत सुळके, पण आधीपेक्षा बुटके. मॅडम त्या बरणीभोवती फिरत राहिल्या. उलटी करून पाहिली, वास घेतला. झाकणाच्या आतल्या कडेत नख घातलं. नखाला किंचित पांढरं लागलं. त्यांनी ते परत हुंगलं आणि तशाच विभागाच्या फोनकडे गेल्या. मी शेजारीच होते.

"अहो, निळ्या झाकणाची बरणी मी आणली, तिच्यात आधी काय होतं?"

मॅडमच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, आवाज मोठा आहे. मला स्पष्ट ऐकू आलं. "कपड्यांची पावडर. ती नवीन, भारीवाली. तूच आणली होतीस."

"आणि तुम्ही धुतली होती ना बरणी?"

"साबणाचीच बरणी, तिला आणखी काय धुवायचं? विसळली."

मॅडमनी रिसीव्हर ठेवला. बाजारात नुकत्याच आलेल्या त्या भारी पावडरींत पाणी मऊ करायला झिओलाइटच घालतात, हे त्यांनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं. म्हणजे आलेखावर जे सुळके दिसले, ते राखेचे होते की मॅडमच्या कपड्यांच्या साबणाचे? समिती यायला थोडेच दिवस उरले होते. मला रडू येत होतं. मी हळूच विचारलं, "मॅडम, आता?"

मॅडम हसायला लागल्या. आधी बारीक, मग इतक्या मोठ्याने, की शेजारच्या वर्गातून कुलकर्णी सर खडू हातात घेऊन बाहेर आले.

"विरजण!" मॅडम म्हणाल्या. "अगं वैशाली, विरजण लागलंय ते! कडेत पावडर होती किती, चिमूटभर. आणि पूड निघाली वाटीभर. दूध आपलंच आहे. नुसतं विरजण शेजारणीकडचं."

"आणि शेजारीण कोण?" सरांनी विचारलं.

"साबणाची कंपनी, सर."

सरांनी खडू खिशात ठेवला. "हे सिद्ध कसं करणार? समिती म्हणेल, बाईंनी पावडरीतून पावडर काढली."

"बरोबर म्हणेल," मॅडम म्हणाल्या. "म्हणून विरजणाचं विरजण लावायचं. आणि परत त्याचं."

मला समजायला थोडा वेळ लागला. नव्याकोऱ्या बरणीत राखेचं पाणी घ्यायचं आणि त्यात निळ्या बरणीतली चिमूटभर पूड घालायची. जी पूड निघेल, तिच्यातली चिमूट पुढच्या कोऱ्या बरणीत. तिथली त्याच्या पुढच्या. शेवटी साबणाच्या पावडरीचा कणही शिल्लक राहायला नको, आणि तरी सुळके यायला हवेत. शेजारी एक बरणी विरजणाशिवाय, म्हणजे फरक कळेल.

ते दिवस मी विसरणार नाही. मी सकाळच्या पहिल्या गाडीने यायचे, तर मॅडम आधीच आलेल्या असायच्या. जेवणाचा डबा एका हाताने खायच्या, दुसऱ्या हातात तापमापक. माझ्या आईने पाठवलेली ठेचा-भाकरी त्यांनी ओव्हनवर गरम केली; त्या ओव्हनवर खाण्याचं काही ठेवायचं नाही अशी पाटी खरं तर त्यांनीच लावली होती. समितीच्या दिवशी सकाळी संस्थेतला त्यांचा विद्यार्थी स्वतः स्कूटरवरून आलेख घेऊन आला. विरजणाशिवायची बरणी: टेकडी. पहिलं विरजण: सुळके. त्याचं विरजण: सुळके. त्याच्याही पुढचं: सुळके, आणि सगळ्यांत उंच.

"लिंगाणा," मॅडम पुटपुटल्या. मग मला धरून गदागदा हलवलं. "लिंगाणा, वैशाली!"

समितीसमोर मॅडमनी सुरुवातच साबणाच्या बरणीपासून केली. घरी बरणी कशी नुसती विसळली गेली, तेही सांगितलं. कुलकर्णी सरांनी डोळे मिटून घेतले. एक वयस्कर सदस्य पुढे वाकून ऐकत होते, त्यांनी प्रत्येक आलेख हातात घेऊन पाहिला आणि मॅडमना उभं राहून नमस्कार केला. दुसऱ्यांनी भिंतीकडे पाहून विचारलं, या खोलीत संगणक किती मावतील?

समितीने मॅडमचं अभिनंदन केलं आणि खोली घेतली. वर्षअखेरीला रिकामी करायची होती.

स्टाफरूममध्ये बोलणं झालंच. साबणाचं सांगायला नको होतं, असं एक-दोघांनी मॅडमना ऐकवलं. मॅडम म्हणाल्या, "आणि मग पुढच्या माणसाला सुळके आले नसते, तर त्यानं कुणाला विचारायचं?" एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी कुणाकडे कॅन मागितला नाही. खोलीत बसून राहिल्या. मी दारात उभी होते. आत जावं की न जावं, मला ठरवता आलं नाही.

काही दिवसांनी कुलकर्णी सर तिथे आले. त्यांच्या हातात ओव्हनचं हँडल होतं.

"बाई, हा ओव्हन भंगारात काढावा, असं मी प्राचार्यांना सांगितलं आहे. मला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून आधी हे मोडून घेतलं. भंगार विकत घेणारं कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?"

मॅडमनी हँडल हातात घेतलं. "विश्रांतवाडीला एक बाई आहेत, सर. घराला गच्ची आहे त्यांच्या."

"मग त्यांना म्हणावं, लवकर न्या. मला अडचण होते."

शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल दिली, भाषणं झाली. मला बोलायला सांगितलं होतं, पण माझ्याने दोन वाक्यांपुढे बोलवलं नाही. बाहेर येऊन पाहते तो फाटकाशी टेम्पो उभा. मागे दोरीने बांधलेला ओव्हन, राखेची गोणी, कॅनची गोणी, आणि शेजारी कुलकर्णी सर स्वतः दोरीची गाठ तपासत उभे. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. शाल त्यांनी मांडीवर घेतली होती आणि शालीत गुंडाळलेली एक बरणी दोन्ही हातांनी धरली होती. सकाळीच भरलेली, अजून गरम.

"वैशाली, रविवारी ये गच्चीवर," त्या खिडकीतून ओरडल्या. "आणि आईला सांग, राख संपत आली!"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि शालीकडे मान वळवली. "मावशी, काय हाय त्यात एवढं जपायला?"

"राख होती," मॅडम म्हणाल्या. "आता काय आहे ते उद्या कळेल. तू गतिरोधकावर जरा हळू घे."

टेम्पो आळंदी रस्त्याच्या दिशेने वळला. खिडकीतून दिसणारं मॅडमचं डोकं बरणीवर वाकलेलं होतं.